सभेतील अनाहूत संचालक

तुर्भ्याच्या बाजार आवारात मोबाइल फोन ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. मुंबईतील घाऊक बाजार १९८१ ते १९९६ या काळात टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत आला. कांदा-बटाटा आधी आला, मग मशीद बंदराचा धान्य व मसाल्याचा व्यापार आला आणि शेवटी फळे व भाजीपाला आला. हे स्थलांतर चालू असतानाच, ३१ जुलै १९९५ रोजी, देशातील पहिला मोबाइल संवाद कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी तो साधला होता. थोडक्यात, नवे गाळे आणि नवा फोन ही दोन्ही व्यापाऱ्याच्या हाती जवळपास एकाच सुमारास आली. आवक किती झाली, गाडी कोठवर पोहोचली, उत्तरेत भाव काय निघाला, ई-वे बिल तयार झाले की नाही, हे सारे आज त्या एका यंत्रावर कळते. अशा माणसाला ‘फोन वाईट’ असे सांगणे म्हणजे सुताराला करवत वाईट असे सांगण्यासारखे आहे.

प्रश्न फोनचा नसून जागेचा आहे. जो हात गाळ्यावर फोन धरतो, तोच हात कंपनीच्या संचालक मंडळाच्या सभेतही फोन धरून बसलेला दिसतो. बाजारातील कित्येक जुन्या पेढ्या आता खासगी मर्यादित कंपन्या झाल्या आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखानदारीतही हेच घडले आहे. वडील, दोन भाऊ, एखादा पुतण्या, घरातील सून किंवा मुलगी अशा चार-पाच जणांचे संचालक मंडळ असते. सभा कार्यालयात भरते, चहा येतो, लेखापाल कागद वाटतो आणि वाचन सुरू होते. पाचव्या मिनिटाला एकाचा फोन थरथरतो. तो ‘एक मिनिट’ म्हणून बाहेर जातो. दुसरा टेबलाखाली संदेश वाचतो. तिसरा कॅल्क्युलेटर उघडतो आणि त्यातून भावाच्या पडद्यावर सरकतो. वाचन संपते, ‘सर्वांना मान्य?’ असा प्रश्न येतो, माना हलतात आणि ठराव एकमताने संमत होतो.

या दृश्याकडे बहुतेक घरांत शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मोठ्यांसमोर फोन पाहणे बरे दिसत नाही, एवढेच त्यावर बोलले जाते. परंतु संचालकाच्या बाबतीत मामला शिष्टाचारापाशी थांबत नाही. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १६६ प्रमाणे संचालकाने आपले कर्तव्य योग्य व वाजवी काळजीने, कौशल्याने आणि तत्परतेने पार पाडले पाहिजे आणि स्वतंत्र विवेक वापरला पाहिजे. हे कर्तव्य बजावण्याची मुख्य जागा म्हणजे मंडळाची सभा. बहुतेक कंपन्यांना वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि दोन सभांमध्ये १२० दिवसांहून अधिक अंतर चालत नाही. लहान कंपन्यांना तर वर्षाच्या प्रत्येक अर्ध्या भागात एक सभा पुरते. म्हणजे ज्या कामासाठी कायदा माणसाला संचालक म्हणून ओळखतो, ते काम कित्येक घरांत वर्षाकाठी काही तासांचेच असते. त्या तासांतही लक्ष दुसरीकडे असेल तर संचालकपद उरते ते केवळ सहीपुरते.

सहीचे वजन मात्र कमी होत नाही. कलम ११८ अन्वये सभेचे इतिवृत्त तीस दिवसांच्या आत नोंदवहीत यावे लागते, आणि रीतसर ठेवलेले इतिवृत्त हा सभेत झालेल्या कामकाजाचा पुरावा मानला जातो. ठरावाशी असहमत असलेल्या संचालकाचे नाव इतिवृत्तात नोंदवण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. या तरतुदीचा अर्थ व्यापारी माणसाने नीट समजून घ्यावा असा आहे. ज्याने विरोध नोंदवला, त्याचे नाव वेगळे दिसते. ज्याने विरोध नोंदवला नाही, तो ठरावाच्या बाजूचा धरला जातो. ‘अमुक संचालक उपस्थित होते, परंतु त्या वेळी भाव पाहत होते’ असा रकाना कोणत्याही इतिवृत्तात नसतो.

एक साधे उदाहरण कल्पून पाहावे. मसाल्याचा व्यापार करणारी एक कंपनी आहे. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सात विषय आहेत. पाचवा विषय बँकेकडील खेळत्या भांडवलाची मर्यादा दोन कोटींवरून पाच कोटींवर नेण्याचा आहे, आणि त्यासाठी सर्व संचालकांनी वैयक्तिक जामीन द्यावयाचा आहे. हा विषय वाचला जात असताना धाकटा भाऊ हळदीच्या वायद्याचा भाव पाहत असतो. भाव त्या क्षणी खरोखरच हलत असतो, म्हणून त्याला दोषही देता येत नाही. त्याच्या कानावर ‘मर्यादा वाढवणे’ एवढे दोन शब्द पडतात. मर्यादा दरवर्षी थोडी वाढतेच, असे मानून तो मान हलवतो. आठ दिवसांनी बँकेचा माणूस कागद घेऊन येतो, खुणा केलेल्या जागी सह्या होतात.

पुढे धंदा नीट चालला तर त्या सहीची आठवणही कोणाला राहत नाही. धंदा अडखळला तर पहिला कागद तोच निघतो. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. बँकेने आधी कंपनीकडून वसूल करावे आणि उरले तरच जामीनदाराकडे यावे, ही व्यापारी कुटुंबांतील सर्वसाधारण समजूत कायद्याला धरून नाही. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्या व्यक्तींविरुद्ध नादारी व दिवाळखोरी संहितेखालीही कारवाई करता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ही तरतूद वैध ठरवली आहे. राहते घर, पत्नीच्या नावाबरोबर घेतलेला गाळा, मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव, या सर्वांचा संबंध त्या पाचव्या विषयाशी होता. ‘त्या वेळी लक्ष नव्हते’ हे वाक्य घरात सांगता येते, वसुली अधिकाऱ्यासमोर त्याला किंमत नसते.

असे असूनही बुद्धिमान, सावध आणि पैशापैशाचा हिशेब ठेवणारी माणसे सभेत लक्ष का हरवतात? बहुतेकांची श्रद्धा अशी असते की आपल्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात. गाळ्यावर ते एका कानाने ग्राहकाचे आणि दुसऱ्या कानाने हमालाचे ऐकत असतात, त्यामुळे हा समज पक्का होतो. अमेरिकेतील संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक वेगळी बाब दाखवली. एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्या कामाकडे वळला, तरी त्याच्या मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसऱ्या कामाची गुणवत्ता घसरते. त्यांनी याला लक्षाचा अवशेष असे नाव दिले. व्यापाऱ्याला ही कल्पना परकी वाटू नये. गोणी रिकामी केली तरी तळाशी थोडा माल राहतोच, तसे हे आहे. न ठरलेला सौदा, न आलेली गाडी, न उतरलेली रक्कम यांचा संदेश एकदा वाचला की फोन खिशात गेला तरी विषय डोक्यात राहतो.

टेक्सास विद्यापीठातील एड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. फोन टेबलावर, खिशात किंवा पिशवीत, आणि दुसऱ्या खोलीत अशा तीन ठिकाणी ठेवून त्यांनी लोकांना बौद्धिक चाचण्या दिल्या. फोन दुसऱ्या खोलीत असलेल्यांची कामगिरी टेबलावर फोन ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरली, मग टेबलावरचा फोन मूक असला तरी. पुढील काही संशोधकांना हा परिणाम इतका स्पष्ट आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही ज्याच्या फोनवर पोटापाण्याचा व्यवहार चालतो, त्याला टेबलावर पालथा ठेवलेला फोन किती ओढ लावतो, हे कळण्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडू नये.

लक्षाची किंमत जुन्या बाजाराला ठाऊक होती. फळबाजारात रुमालाआड एकमेकांची बोटे धरून भाव ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. ती शेतकऱ्यापासून भाव लपवते, म्हणून तिच्यावर टीका झाली आणि ती टीका योग्यच आहे. तिचा पुरस्कार येथे अभिप्रेत नाही. परंतु त्या रुमालाखाली हात असताना व्यापारी दुसरीकडे पाहत नसे. एक बोट चुकले तर पूर्ण गाडीचा भाव चुकत असे. दहा हजारांच्या सौद्यावर जे लक्ष दिले जाई, ते पाच कोटींच्या ठरावावर दिले जात नाही, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. सौद्यातील चूक संध्याकाळपर्यंत कळते. ठरावातील चूक कळायला वर्षे लागतात, आणि म्हणूनच ती स्वस्त वाटते.

सभागृहातील फोनची किंमत सार्वजनिक जीवनातही मोजली गेली आहे. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेत बसलेली असतानाची चित्रफीत प्रसिद्ध झाली. २० जुलै रोजी आमदार रोहित पवार यांनी ती समाजमाध्यमावर टाकली आणि मंत्री पत्त्यांचा खेळ खेळत असल्याचा आरोप केला. कोकाटे यांनी तो फेटाळला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बाजूला सारत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. वाद शमला नाही. जुलैअखेर कृषी खाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले आणि कोकाटे यांच्याकडे क्रीडा खाते आले. त्या काही क्षणांत पडद्यावर नेमके काय चालले होते, हा वाद बाजूला ठेवला तरी एक बोध उरतो. सभेत हातातल्या पडद्याकडे पाहणाऱ्याला स्वतःचा बचाव करणे फार अवघड जाते, कारण समोरच्याला दिसते ती खाली झुकलेली मान.

अमेरिकेतही असेच घडले होते. सप्टेंबर २०१३ मध्ये सीरियावर लष्करी कारवाई करावी की नाही, या गंभीर विषयावरील सिनेट समितीच्या सुनावणीत ज्येष्ठ सदस्य जॉन मॅकेन फोनवर पोकर खेळताना छायाचित्रात टिपले गेले. सुनावणी तीन तासांहून अधिक चालली होती. त्यांनी ते विनोदाने मान्य केले. युद्धाचा विषय आणि युद्धकैदेचा अनुभव घेतलेला माणूस, अशा ठिकाणीही लक्ष टिकले नाही. मग मालाच्या साठ्याचा तक्ता वाचला जात असताना ते आपोआप टिकेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. त्यासाठी व्यवस्था करावी लागते.

शासनव्यवस्थेने ती काही ठिकाणी केली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या बैठकीत फोन आणू नयेत, अशी सूचना २०१६ मध्ये देण्यात आली, आणि उत्तर प्रदेशात २०१९ मध्ये तसाच निर्णय झाला. केंद्राच्या सूचनेमागे मुख्य चिंता गुप्ततेची होती. ती चिंता कंपनीलाही लागू पडते. ताळेबंदाचा मसुदा किंवा खरेदीदाराची यादी यांचे छायाचित्र काढून चुकीच्या गटात पाठवायला एक बोट पुरते. दूरदृश्य पद्धतीने होणाऱ्या सभेसाठी तर २०१४ च्या नियमांतच तरतूद आहे. सहभागी संचालकाने सुरुवातीस आपले नाव, आपण कोठून सहभागी आहोत, कार्यक्रमपत्रिका मिळाली आहे, आणि आपल्या जागी दुसरे कोणी कामकाज ऐकत किंवा पाहत नाही, हे सांगावे लागते. गाडीत बसून, चालकाच्या शेजारून, स्पीकरवर सभा ऐकणाऱ्या संचालकाने ही अट एकदा आठवावी.

कुटुंबाच्या कंपनीत आणखी एक हानी होते आणि ती कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. मंडळावर घेतलेली सून किंवा मुलगी पहिल्या दोन सभांना तयारीने येते. तिने कागद वाचलेले असतात. अमुक येणे सहा महिने का थकले आहे, असा प्रश्न ती विचारते. त्याच क्षणी दोन फोन उजळतात, दोन माना खाली जातात आणि प्रश्न हवेत राहतो. तिसऱ्या सभेत ती विचारत नाही. चौथ्या सभेला ती फक्त सहीसाठी येते. कोणी तिचा अपमान केलेला नसतो आणि कोणाला आपण काही चुकीचे केले असे वाटतही नसते. परंतु घराने शिकलेला, ताज्या नजरेचा एक संचालक गमावलेला असतो, आणि थकलेले येणे तसेच थकलेले राहते. पुतण्याच्या बाबतीतही हेच होते. काकांचे लक्ष नाही हे पाहून तोही आपला फोन काढतो, आणि मग ‘नव्या पिढीला धंद्यात रस नाही’ अशी तक्रार घरात सुरू होते.

उपाय अवघड नाहीत, मात्र ते व्यापाराच्या चालीला धरून असले पाहिजेत. नुसती बंदी दोन सभा टिकते. प्रथम वेळ पाहावी. भाजीपाल्याच्या बाजाराची धांदल पहाटेची असते, धान्य आणि मसाल्याचे व्यवहार दिवसा चालतात. ज्या तासात आपल्या मालाचा भाव ठरतो, त्या तासात सभा ठेवली तर फोन वाजणारच. सभा पेढीवर न घेता घरी किंवा अन्य शांत जागी घेतली तरी निम्मे व्यत्यय कमी होतात. तिची लांबीही मर्यादित असावी. पाऊण-एक तासानंतर दहा मिनिटांची विश्रांती जाहीर करावी आणि तेव्हा प्रत्येकाने आपले फोन पाहावेत. विश्रांती केव्हा आहे हे ठाऊक असले की मन तोवर थांबायला तयार होते.

दुसरी गोष्ट ओटीपीची. सभेत वाजणारे कित्येक फोन सौद्याचे नसून मेहताजींचे असतात, कारण रक्कम पाठवायची असते आणि बँकेचा सांकेतिक क्रमांक शेठजींच्या फोनवर येतो. यासाठी देयके सभेपूर्वी आटोपावीत. कंपनीच्या खात्यावर एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने मान्यता द्यावी अशी सोय बँकेकडून करून घेता येते. एका संचालकाच्या फोनवर सारी पेढी टांगून ठेवणे हे सभेच्याच नव्हे, सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे नाही.

तिसरे, खरी निकड ओळखण्याचे काम एका माणसाकडे द्यावे. सर्वांचे फोन बाहेर एका टोपलीत, मेहताजींच्या किंवा विश्वासू कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली राहतील. घरातील आजारपण, अपघात, मालाला लागलेली आग, सरकारी अधिकाऱ्याची भेट, अशा चार-पाच प्रसंगी त्याने दार वाजवावे, एरवी निरोप लिहून ठेवावा. कागद पडद्यावरच वाचायचे असतील तर त्यासाठी वेगळी टॅब्लेट असावी, तिच्यावर संदेशांची सोय नसावी.

चौथे, कार्यक्रमपत्रिकेतील जे विषय कर्ज, जामीन, तारण किंवा नातेवाइकांच्या संस्थांशी व्यवहार यांचे असतील, ते सुरुवातीलाच घ्यावेत आणि मोठ्याने वाचावेत. वाचून झाल्यावर ‘सर्वांना मान्य?’ असे एकदम न विचारता प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे. ज्याला नाव घेऊन विचारले जाणार आहे हे ठाऊक असते, तो ऐकतो. या एका सवयीने पाचवा विषय कधीही नकळत संमत होणार नाही.

आणि या साऱ्याची सुरुवात अध्यक्षस्थानी बसणाऱ्याने करावी. थोरल्यांनी आपला फोन टोपलीत सर्वांत आधी ठेवला तर धाकट्यांना सांगावे लागत नाही. थोरल्यांचाच फोन ‘अपवाद’ म्हणून टेबलावर राहिला तर नियमाचा कागद दुसऱ्या सभेला भिंतीवरून उतरतो.

‘तासभर फोन नसेल तर धंद्याचे काय?’ ही शंका खोटी नाही, पण तिचे उत्तर बहुतेक घरांत आधीच आहे. सामायिकाला बसणारी मंडळी ४८ मिनिटे व्यवहारापासून दूर राहतात. तेवढ्या वेळात बाजार थांबत नाही आणि पेढीही बुडत नाही. उठल्यावर जे फोन करायचे असतात ते केले जातात. पैकी खरोखर हातचा गेलेला सौदा वर्षाकाठी एखादाच निघतो.

त्या एका सौद्याची आणि न ऐकता दिलेल्या एका जामिनाची तुलना ज्याने त्याने आपल्या वहीत करून पाहावी. सभेची सूचना येते तेव्हा तीत संचालकांची नावे असतात, त्यांच्या फोनचे नाव नसते. ज्यांची नावे आहेत, त्यांनीच सभेत बसावे.